शेवटच्या रांगेपर्यंत

पहाटे ३.४०

गजर चारचा लावलेला असतो, पण पंचवीस बैशाखला त्याच्या आधीच जाग येते. बहुबाजारातल्या आमच्या गल्लीत दिवसभर सोनारांच्या हातोड्यांची टकटक चालते. या वेळी मात्र फक्त पंखा आणि कोपऱ्यावरच्या नळाचे पाणी ऐकू येते. खिडकी उघडून मी हात बाहेर काढतो. हवा हलत नसली की दिवस जड जाणार. आज हलत नाही.

आमचे घराणे गलाईचे. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली. वडील तसेच कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. मुशीतल्या सोन्याचा रंग बघून ते किती उतरले आहे हे वडील सांगायचे. माझे डोळे तसे तयार झाले नाहीत, कान झाले. चांदणी मार्केट घरापासून चालत दहा मिनिटांवर. शाळा सुटली की मी तिथे एम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर मिस्त्रींच्या दुकानात जाऊन बसायचो. पुढे भट्टी धाकट्या भावाकडे गेली आणि मी माइकवाला झालो. त्याला सत्तावीस वर्षे झाली.

माइकवाल्याचा मोठा दिवस म्हणजे दुर्गापूजा, असे लोकांना वाटते. माझ्यासाठी तो आजचा. रवींद्रनाथांचा जन्म बंगाली पंचांगाने २५ बैशाख १२६८ चा, इंग्रजी तारखेने ७ मे १८६१ चा. आपला वैशाख चंद्रावर चालतो, यांचा सूर्यावर. त्यामुळे इथली जयंती दरवर्षी ८ किंवा ९ मेला येते. आपल्याकडचे मोठे संगीत महोत्सव थंडीतले. पुण्याचा सवाई गंधर्व डिसेंबरात होतो. कोलकात्याची डोव्हर लेन कॉन्फरन्सही जानेवारीतली. हा एक दिवस मात्र जन्मतारखेने ठरवून दिला आणि तो ऐन उन्हाळ्यात पडला. तरीही या शहरात त्या दिवशीचे गाणे क्लबच्या मैदानावर होते, शाळेच्या पटांगणात होते, दोन गल्ल्या मिळतात तिथे होते. घामाच्या धारा लागलेल्या असतात आणि माणसे पांढऱ्या शुभ्र कपड्यांत बसून गाणे ऐकतात.

४.३०

छोटा हत्ती दारात लागतो. माझ्या हाताखालची दोन्ही पोरे रात्री गोदामातच झोपलेली असतात, कारण गावाकडून पहिल्या लोकलने निघाले तरी सियालदाला वेळेवर पोचण्याची खात्री नसते.

गाडीत काय चढते ते सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. मोठे स्पीकर फक्त दोन. लहान, उभे, हातभर लांबीचे आठ. सोळा चॅनेलचा मिक्सर, वायरींची चार वेटोळी, जमिनीत ठोकायची लोखंडी सळई, मीठ, कोळसा, ताडपत्र्या आणि सुतळी. कर्णेही दोन असतात, पण ते निवेदनापुरते. कर्ण्यातून रवींद्रसंगीत वाजवणे मला सहन होत नाही. त्यातून शब्द लांबवर जातो हे खरे, पण त्याचे मऊपण वाटेत जळून जाते.

गाण्याचे माइक आठ, सगळे एकाच जातीचे. शिकागोत १९२५ साली सुरू झालेल्या शुअर कंपनीने एसएम ५८ हा माइक १९६६ मध्ये काढला. तोंडासमोरचा आवाज घ्यायचा आणि पाठीमागचा सोडून द्यायचा, हा त्याचा गुण. उघड्यावर याची किंमत कळते, कारण तिथे माइकच्या पाठीमागे रिक्षा असते, कावळे असतात आणि चहावाला असतो. त्याची नक्कल बाजारात ढीगभर मिळते. मी हातात धरून वजनावरून ओळखतो. तेवढा वडिलांचा वारसा आला आहे.

५.१५

हातीबागानच्या बाजूचा एक पाडा, म्हणजे मोहल्ला. गल्ली अरुंद, म्हणून सामान गाडीतून उतरवून हातगाडीवर घ्यावे लागते. चौकात बांबूचा मंच डेकोरेटरने रात्रीच उभा केला आहे. मंचावर फोटो, फोटोला निशिगंधाचा हार, खाली दोन मुलींनी घातलेली अल्पना, म्हणजे इथली रांगोळी, अजून ओली आहे.

माझे माइक अजून बंद आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. या पाड्याने त्यातून फार चांगली रीत पाडली आहे: सहाच्या आधी प्रभातफेरी, आणि ती नुसत्या गळ्यांची. पुढे एक हार्मोनियम गळ्यात अडकवलेली, दोघींच्या हातात मंदिरा, म्हणजे लहान झांजा, मागे तीस-चाळीस माणसे. लाल काठाच्या पांढऱ्या साड्या, केसांत जुईचे गजरे. गल्लीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मजली घरे असल्यामुळे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि चाळीस गळे चारशेसारखे वाटतात. वायरी टाकायच्या सोडून मी पाच मिनिटे उभा राहतो. दिवसभरात मला जो आवाज तयार करायचा असतो, त्याचा नमुना हाच. यंत्राशिवायचा.

६.००

आता माइक चालू करता येतात.

पहाटेच्या हवेत एक फसगत असते. जमीन रात्रभर निवलेली, तिच्या लगतची हवा गार, वरची त्या मानाने उबदार. अशा वेळी आवाज वर निसटून जात नाही, जमिनीकडे वाकून लांब पोचतो. रस्ताही शांत असतो. मंचासमोर बेताचा वाटणारा आवाज तीन गल्ल्या पलीकडच्या झोपलेल्या माणसाच्या उशाशी जातो. म्हणून पहिल्या तासात मी सगळे स्वर निम्म्यावर ठेवतो. संयोजक काका येऊन दरवर्षी विचारतात, "जरा वाढवणार का?" मी त्यांना चौकाच्या टोकाला घेऊन जातो आणि ऐकायला सांगतो. मग ते काही बोलत नाहीत.

सुरुवात ‘हे नूतन’ने. १९४१ च्या, त्यांच्या शेवटच्या वाढदिवसासाठी रवींद्रनाथांनी हे गाणे बांधले. चाल लावलेले त्यांचे हे शेवटचे गाणे. तीन महिन्यांनी, ७ ऑगस्टला, ते गेले. आज शहरात हे गाणे किती ठिकाणी एकाच वेळी चालू असेल याचा हिशेब कुणी करू नये.

७.३०

मुलांचा कार्यक्रम. मला सगळ्यात जास्त काम याच वेळी पडते, कारण एकापाठोपाठ एक उंची बदलते. सात वर्षांची मुलगी येते तेव्हा माइकचा स्टँड माझ्या कमरेला, तिच्यामागून तिची ताई येते तेव्हा छातीला. स्टँडचा आटा झिजला असेल तर माइक हळूहळू खाली झुकतो आणि पोर त्याच्यामागे वाकत जाते. म्हणून रात्री प्रत्येक आटा तपासायचा.

मुले मला काकू म्हणतात. बंगालीत काकाला लाडाने काकू म्हणतात. लहानपणी विट्याला सुट्टीत गेलो की हे सांगून मी चुलतभावंडांना खूश करायचो. आता ती हाक इतकी कानात बसली आहे की खऱ्या काकूला फोन करतानाही क्षणभर थांबतो.

आज एक नऊ वर्षांची मुलगी गायला आली आणि माइकच्या जाळीला जवळजवळ ओठ टेकवून उभी राहिली. इतक्या जवळून गायले की खालचे स्वर फुगतात, लहान मुलाचा गळाही घोगरा वाटतो. मी जाऊन तिला मूठ दाखवली आणि म्हणालो, "तुझ्या आणि माइकच्या मधे ही एवढी मूठ बसली पाहिजे." तिने आपली मूठ ठेवून पाहिली. ती माझ्यापेक्षा लहान, पण तिच्या आवाजाला तेवढीच बरोबर होती.

हार्मोनियमचा माइक मी नेहमी सगळ्यात खाली ठेवतो. कोलकात्यानेच हे वाद्य आजच्या रूपात घडवले. पायाने भाता मारायची मोठी पेटी होती, तिची हाताने वाजवायची पेटी द्वारकिन कंपनीच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास केली. आणि कोलकात्याच्याच रवींद्रनाथांना ती सोसत नसे. १९४० च्या जानेवारीत त्यांनी इथल्या रेडिओ केंद्राला तसे कळवले. त्याच वर्षी रेडिओवर हार्मोनियमला बंदी आली, ती १९७१ पर्यंत टिकली. आज त्यांच्या फोटोसमोर प्रत्येक गाणे पेटीवरच होते. मी त्यात दोष मानत नाही. घराघरांत गाणे टिकले ते पेटीमुळे. फक्त पेटीने गळ्यावर चढू नये, एवढे माझ्या हातात असते आणि तेवढे मी करतो.

एस्राज असेल तर माझा दिवस साजरा होतो. सतारीसारखा पडद्यांचा दांडा, पण गजाने वाजवायचा. आवाज माणसाच्या गळ्याच्या शेजारी जाऊन बसतो, वर चढत नाही. त्याचा नाद पोटाच्या कातड्यातून निघतो, म्हणून माइक फूटभर लांब, कातड्याच्या रोखाने लावायचा. अनेकजण तो गजाजवळ लावतात आणि मग नुसती घासाघीस ऐकू येते.

गेल्या काही वर्षांत सिंथेसायझर आणि ऑक्टोपॅड आले. विश्वभारतीच्या संगीत समितीचा ध्वनिमुद्रणांवरचा अधिकार २००१ अखेर, कॉपीराइट संपल्यावर संपला, आणि ज्याला जसे हवे तसे वाजवायची मोकळीक मिळाली. त्याआधी देवव्रत विश्वासांसारख्या मोठ्या गायकाच्या मुद्रणांनाही, साथीला वाद्ये फार आहेत म्हणून, समितीने नकार दिले होते. तो नकार मला आजही चुकीचा वाटतो. इतक्या मोठ्या गळ्याला परवानगीच्या रांगेत उभे करायला नको होते. पण मिक्सरमागे बसून हेही सांगतो की एस्राज, तबला आणि मंदिरा यांच्यापलीकडे उघड्यावर जे जे वाढवाल, ते शब्दाच्या वाट्यातून वजा होते.

९.४५

ऊन चढले. मंचावरच्या कापडाच्या फटीतून उन्हाची एक तिरीप नेमकी तबल्यावर पडली आहे आणि तबला चढायला लागला आहे. कातडे सुकले की ताणते, स्वर वर जातो. दमट हवेत सैलावते, स्वर उतरतो. वादक दोन गाण्यांच्या मधे हातोडीने गठ्ठे वर सरकवतो, पुन्हा दोन गाण्यांनी तेच. मी पोराला वर चढवून फटीवर ताडपत्रीचा तुकडा टाकायला सांगतो. हे माइकवाल्याचे काम नाही असे कुणी म्हणेल. मला ते माझेच वाटते. बेसूर तबला मोठा करून ऐकवणारा शेवटी मीच असतो.

दहाला कार्यक्रम संपतो. घुगनी, मुडी आणि मातीच्या भांडातला चहा.

११.००

सामान गाडीत टाकून मी चालत जोडासांकोला जातो. दर वर्षी जातो. रवींद्र सरणीवरून, म्हणजे जुन्या चितपूर रोडवरून, द्वारकानाथ ठाकूर गल्लीत वळले की गर्दी सुरू होते. लाल इमारत, अंगण, आतल्या ठाकूरदालनाकडून येणारे गाणे. रवींद्रनाथांचा जन्म याच घरात, मृत्यूही इथेच. वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीकडे जाताना माणसांचा आवाज आपोआप खाली येतो.

या घराचे आपल्याशी नाते जुने आहे. रवींद्रनाथांचे एक थोरले भाऊ सत्येंद्रनाथ आयसीएसमध्ये निवडले गेलेले पहिले भारतीय, आणि त्यांची नोकरी झाली मुंबई इलाख्यात. त्यामुळेच १८७८ साली, विलायतेला जाण्याआधी, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत आत्माराम पांडुरंग तर्खडांच्या घरी राहिले; त्यांची मुलगी अन्नपूर्णा हिच्याकडून इंग्रजी बोलण्याची रीत शिकले आणि तिला त्यांनी नलिनी हे नाव दिले. दुसरे भाऊ ज्योतिरिंद्रनाथांनी टिळकांचे गीतारहस्य बंगालीत नेले. पुढे शांतिनिकेतनात भीमराव शास्त्री हसुरकर शास्त्रीय संगीत शिकवत होते. पु. ल. देशपांडे बंगाली शिकले, शांतिनिकेतनात जाऊन राहिले आणि ‘वंगचित्रे’ लिहून गेले. मी बहुबाजारात जन्मलो. मला बंगाली शिकावी लागली नाही, मराठी मात्र मुद्दाम जपावी लागली. ‘वंगचित्रे’ वडिलांनी आणून दिले होते. मराठी वाचायची सवय मला त्या पुस्तकाने लागली.

अंगणातल्या गाण्याला मी श्रोता म्हणून बसतो. दिवसातला एवढाच अर्धा तास, जेव्हा आवाज कमी-जास्त करायला माझा हात शिवशिवत नाही.

दुपारी १.००

घरी. डाळ, भात, पोस्तो, म्हणजे खसखस, घातलेले दोडके आणि आईच्या हातचे पन्हे. बंगाली आमपोडा शरबत भाजलेल्या कैरीचे, आपले पन्हे उकडलेल्या कैरीचे. आई दोन्ही करते आणि आज कुठले ते विचारत नाही.

जेवणानंतर माइकच्या जाळ्या उघडतो. सकाळच्या कार्यक्रमातल्या आठही जाळ्यांवर लिपस्टिक, पान, घाम. आतला स्पंज साबणाच्या पाण्यात पिळून पंख्याखाली वाळत घालतो. जाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करतो. स्पंज ओला राहिला तर माइकचा वरचा आवाज बसतो, ‘स’ आणि ‘श’ ओळखू येत नाहीत, आणि बंगाली गाण्यात तर ‘श’ पावलोपावली. एस्राजसाठीचा कंडेन्सर माइक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. मेमधल्या कोलकात्याच्या दमटपणात तो उघडा राहिला तर कडकडायला लागतो.

मग पाऊण तास झोप.

३.१५

ढाकुरियाच्या एका पाड्यातले क्लबचे मैदान. संध्याकाळचा कार्यक्रम इथे आहे: रवींद्र-नजरुल संध्या. नजरुल इस्लामांची जयंती ११ ज्येष्ठला, सोळा-सतरा दिवसांवर. अनेक पाडे दोघांना एकाच मंचावर आणतात, आणि मला ते फार योग्य वाटते.

पहिले काम अर्थिंग. सळई ठोकायची, भोवती मीठ-कोळसा, वर बादलीभर पाणी. काही वर्षांपूर्वी एका मंडळाच्या कार्यक्रमात, आधीच जोडणी झाली आहे या शब्दावर मी विसंबलो. चाचणीत ओल्या मंचावर अनवाणी उभा राहून माइक धरला आणि हाताला असा झटका बसला की दोन दिवस बोटे मुकी होती. माझ्या जागी पाच मिनिटांनी एक मुलगी उभी राहणार होती. तेव्हापासून कुणाच्याही शब्दावर जोडणी घेत नाही. टेस्टर स्वतः लावतो.

मैदान मंचापासून चाळीस मीटर खोल आहे. उघड्यावर भिंती नसतात, आवाजाला परत पाठवणारे काही नसते. अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने पडतो. चाळीस मीटरवरच्या माणसाला पुरेल इतका आवाज मंचावरून सोडला तर पहिल्या रांगेतल्या आजीच्या कानात दडे बसतील. यावर दोन उपाय आहेत. एक सगळ्यांना माहीत आहे: मंचाच्या दोन्ही बाजूंना स्पीकरची भिंत उभी करायची. दुसरा, लहान लहान स्पीकर प्रेक्षकांमधून थोड्या थोड्या अंतरावर लावायचे आणि प्रत्येकाला हळू बोलू द्यायचे. माझे आठ उभे स्पीकर त्यासाठी असतात. आवाजाला वीस मीटर जायला सुमारे ५७ मिलिसेकंद लागतात, म्हणून मधल्या बांबूवरच्या स्पीकरला मिक्सरमधून तेवढाच उशीर द्यायचा. नाहीतर मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

शिकागोतल्या ग्रँट पार्कमध्ये १९३५ पासून उन्हाळ्यात सगळ्यांसाठी फुकट सिम्फनी वाजते. २००४ मध्ये तिच्यासाठी मिलेनियम पार्कात नवा मंच झाला, प्रित्झकर पॅव्हिलियन. तिथे हिरवळीवर पोलादी नळ्यांची मोठी जाळी आडवी पसरली आहे आणि स्पीकर त्या जाळीला टांगलेले आहेत, मंचापासून जितके दूर तितका उशीर देऊन. हिरवळीवर चटई टाकून बसलेल्या माणसाला वाद्यवृंद जवळ वाजतो आहे असे वाटते. त्या जाळीचे चित्र पाहिले तेव्हा मला माझे बांबू आठवले. पोलाद त्यांचे आणि सुतळी आमची, पण विचार एकच आहे, आणि तो खर्चिक नाही. चार मोठ्या खोक्यांच्या भाड्यात आठ लहान येतात.

साडेचारला समोरच्या घरातल्या मासीमा फाटकाशी आल्या. पहिल्या मजल्यावर त्यांचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. मी आधीच उभा राहिलो. आवाजाबद्दल बोलणार हे ठरलेलेच. त्या म्हणाल्या, "बाबा, ते सहापर्यंत झोपतात. तोवर ते हॅलो-हॅलो करू नका. गाणी मात्र त्यांना ऐकायची आहेत."

नियमाप्रमाणे वस्तीत मैदानाच्या हद्दीवर दिवसा ६५ डेसिबलच्या वर जाता येत नाही, आणि बंगालात एम्प्लिफायरला साऊंड लिमिटर लावावा लागतो. मी तो लावतो. पण कायद्याचे मीटर आणि मासीमांचे यजमान यांत मला यजमान जवळचे वाटतात. चाचणी कानाला हेडफोन लावून केली. स्पीकर एकेक करून, अगदी हळू, जवळ जाऊन ऐकले.

५.४०

वायव्येला आभाळ काळेनिळे झाले. इथे याला कालबैशाखी म्हणतात. छोटा नागपूरच्या पठारावरून उठते आणि संध्याकाळच्या सुमारास शहरावर कोसळते. आपला वळीव याच कुळातला, पण वारा याचा फार आडदांड. आधी कावळे ओरडत खाली आले, मग हवा एकदम थांबली.

थांबलेली हवा म्हणजे आमच्या हातात दहा मिनिटे. वीज बंद, मिक्सर ताडपत्रीत, स्पीकर बांबूवरून उतरवून आडवे. उंच काही ठेवायचे नाही. पोरांना यात शिकवावे लागत नाही. त्यांची गावे सुंदरबनच्या वाटेवरची, वाऱ्याची ओळख माझ्यापेक्षा त्यांना जास्त. मंचाचे मागचे कापड फाडून वाऱ्याला वाट करून दिली, त्यांनीच. कापड बांबूला घट्ट राहिले असते तर मंच शिडासारखा उडाला असता.

वीस मिनिटे काहीच दिसत नव्हते. क्लबच्या खोलीत आम्ही सगळे दाटीने उभे: गाणाऱ्या बायका, तबलजी, नाचायला सजलेली मुले, फोटो छातीशी धरून उभे असलेले सचिव. कुणीही कार्यक्रम रद्द करायची भाषा काढली नाही.

७.१०

पाऊस गेला. दोन तासांपूर्वी अंगाला चिकटणारी हवा आता अंगावर शहारा आणते. मागच्या खुर्च्या चिखलात, म्हणून सगळी माणसे पुढच्या निम्म्या मैदानात येऊन सतरंज्यांवर बसली.

अर्थिंग पुन्हा तपासले, वायरींचे जोड पुसून प्लास्टिकमध्ये बांधले, मंचावर कोरड्या फळ्या टाकल्या आणि पहिली चाचणी केली. दुपारी जमवलेले सगळे आकडे चुकीचे ठरले. पावसाने जमीन थंड झाली होती, रस्त्यावर गाड्या नव्हत्या, आवाज पुन्हा पहाटेसारखा दूरवर जायला लागला होता. दमट हवेत वरचे स्वर वाटेत कमी मरतात, त्यामुळे ‘श’ धारदार ऐकू येत होते. मी मुख्य आवाज खाली आणला, वरचे स्वर थोडे कापले, मागचे चार स्पीकर बंदच ठेवले. तबला जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरला होता. वादकाने पंधरा मिनिटे हातोडी चालवली आणि लोक शांत बसून ते ऐकत राहिले.

मग गाणे सुरू झाले. पाड्यात गाणे शिकवणाऱ्या दिदीमणी साठीच्या आहेत, गळा आता बारीक झाला आहे. माइकपासून त्या वीतभर लांब बसल्या, डोळे मिटले. मी फेडरवरचे बोट काढून घेतले. सत्तावीस वर्षांत असे मोजके प्रसंग आले की काही हलवायचे शिल्लक नव्हते. गळा होता तेवढाच होता, एस्राज त्याच्या मागे अर्धे पाऊल, आणि पन्नास फुटांवर पानांवरून ठिबकणारे पाणीही ऐकू येत होते. तेही मला गाण्याच्या आड आलेले वाटले नाही.

नंतर नजरुलगीते झाली, मुलांचा नाच झाला, एका तरुणाने कविता म्हटली. एका मुलीने एकटीने गायले.

९.५०

दहाला दहा मिनिटे असताना माइक बंद. वायर ओली असताना गुंडाळायची नसते, म्हणून पोरे फडक्यात धरून एकेक पुसत गेली. मासीमा पुन्हा फाटकाशी आल्या, हातात संदेश मिठाईची थाळी. म्हणाल्या, "यजमानांनी निरोप दिला आहे. त्या मुलीचा संचारीत एक शब्द चुकला, तिच्या गुरूंना सांगा."

रवींद्रसंगीतात स्थायी-अंतऱ्यानंतर येणारा संचारी हा भाग मंद्रात, हळू जातो. गायक तिथे आवाज खाली आणतो. रस्त्यापलीकडे, पहिल्या मजल्यावर, खिडकीआड पडलेल्या माणसाला तिथला एक शब्द चुकलेला कळला. मला कुणी शाल-श्रीफळ दिले असते तरी त्याचे इतके वाटले नसते. मी निरोप दिदीमणींना पोचवला. त्यांनी वहीत लिहून घेतला.

रात्री १२.१५

बहुबाजार. ताडपत्र्या जिन्याच्या कठड्यावर वाळत घातल्या, माइक डब्यात गेले. वहीत उद्याचे एकच काम आहे: दोन स्टँडचे आटे बदलणे. ११ ज्येष्ठपर्यंत चार कार्यक्रम लागले आहेत, सगळे उघड्यावर.

तुमच्या गावात उघड्यावर गाणे असेल तर संयोजकांना एवढे सांगा की मोठ्या खोक्यांऐवजी लहान जास्त लावा, आणि पहिले गाणे माइकशिवाय होऊ द्या. आणि तुम्ही मागे बसला असाल, नीट ऐकू येत नसेल, तर आवाज वाढवा म्हणून हात करू नका. उठून पुढे या. पुढच्या तीन रांगा बहुतेक वेळा रिकाम्या असतात.